तळ्यातला भात

या, अशा जवळ सरका. बुवा कीर्तनाला उभे राहायला अवकाश आहे, तोवर माझं आख्यान ऐका.

गेल्या वर्षीचा उत्सव संपल्यानंतरची दुपार. डोळे मिटतायत, पण मिटता मिटताही देवळामागच्या तळ्याची घाण नाकात शिरते. आंबट, तेलकट, मेलेल्या उंदरासारखी. संध्याकाळी देवळाची समिती ते तळं बुजवायचं ठरवणार, आणि ठराव मीच मांडणार.

उशाशी प्रमिला धुरी बसलीय. शाळेत विज्ञान शिकवायची. श्रावणात वारली.

"अगो, तू गेलीस ना?"

"गेले. ऊठ, निवडायचंय."

देवळाच्या स्वयंपाकघरात तिच्यापुढे परात आहे. परातीत काळा गाळ. घोट्याला पाणी लागतं, तर आम्ही तळ्याच्या पायरीवर. गहू निवडावेत तसा ती गाळ निवडते. शेवाळ एकीकडे, ते उन्हावर जगतं. गोगलगाई दुसरीकडे, त्या शेवाळावर. मग मासे, पांढरी पोटं फुगलेली. बोट लावलं की कातडी सुटून हातात येते.

मी चेष्टेनं विचारते, मी कुठल्या ढिगात?

"कुठल्याच नाही. हे एकमेकांना खाऊन जगत होते. तू नुसती ओततेस."

अन्न पूर्णब्रह्म, टाकायचं कसं? म्हणून उत्सवाचा उरलेला भात माशांना घालायची रीत मीच पाडली. नऊ दिवस, रोज दोन पातेली. भात कुजला की पाण्यातला श्वास संपतो, असं ती जिवंतपणी सांगून थकली. मी म्हणायचे, मास्तरीणबाई, पुण्याला कसलं आलंय विज्ञान.

ती माझा हात कोपरापर्यंत गाळात खुपसते. शी. बोटांत केसाएवढं काहीतरी वळवळतं, लालभडक.

"हे कुजकं खातात. हे आहेत तर यांना खाणारेही येतील. बुजवू नको गो. ओतणं थांबव, गाळ काढ."

जाग येते. खोलीत मी एकटी. हात कोपरापर्यंत काळा, आणि तळव्यावर एक लाल किडा वळवळतोय.

मी त्याला तांब्यातल्या पाण्यात सोडते. संध्याकाळी ठराव न मांडता तो तांब्या समितीपुढे ठेवते. अध्यक्ष नाक दाबून डोकावतात, विचारतात, हे काय तीर्थ म्हणून घ्यायचं? मग मी सगळं सांगते; रीत माझी होती, हेही.

तळं अजून आहे; गाळ काढला, भात ओतणं थांबलं. तेव्हा आज पंगतीला बसाल तर भात लागेल तेवढाच घ्या, आणि पहिल्या घासाला प्रमिला धुरीची आठवण काढा.