दुसरी फ्लॉपी

संगणकावर जागा वाचावी म्हणून दाबून बांधलेल्या जुन्या फायली उघडून देणारा आमच्या बाजारात एकच माणूस उरला होता. लोक त्यांना गाठोडेवाले म्हणत. झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत त्यांचे दोन जुने संगणक होते. शेजारच्या टेबलावर मी प्रिंटर दुरुस्त करीत असे. फाईल कुणाचीही असो, ते तिच्या नावाकडे पाहत नसत. "नाव काय, कुणीही बदलतं," असे म्हणून आतली पहिली चार-पाच अक्षरे वाचत आणि ती कोणत्या प्रोग्रामने बांधली हे सांगत. मग खोक्यातून नेमका तोच जुना प्रोग्राम काढत. उघडण्याआधी मात्र कुणालाही शब्द देत नसत.

तो नियम त्यांनी एकदाच मोडला. कारखान्यातली नोकरी सुटताना आणलेल्या पेटीत त्यांना चार फ्लॉपी सापडल्या. त्यांनी लगेच थोरल्या बहिणीला फोन केला. "ताई, पिटूचा आवाज सापडलाय."

पिटू ही ताईंची मुलगी, त्यांची भाची. सातव्या वर्षी सुट्टीत मामाकडे राहायला आली होती. मामाने नवा मायक्रोफोन आणला होता, तिने त्यात मनसोक्त बडबड केली. त्याच वर्षी ती तापाने गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आल्या. चष्मा पुसून खुर्चीवर ताठ बसल्या.

"किती अडगळ रे ही. माणसाला पाय ठेवायला जागा नाही."

"तू बस, मी आवरतो."

"तू आवरणार? आईचा जन्म गेला सांगण्यात."

पहिली फ्लॉपी सुरळीत वाचली गेली. दुसरी आत गेल्यावर यंत्र खरखरले, थांबले, पुन्हा खरखरले. गाठोडेवाल्यांनी ती काढून पुसली, दुसऱ्या यंत्रात घातली. दोन तास हेच चालले. तिसरी आणि चौथी निर्दोष होत्या. पडद्यावर यादी उमटली: सुरुवातीला कारखान्याची पत्रे आणि नकाशे, शेवटी पिटूच्या नावाच्या नऊ फायली.

"ही बघ की, आहे ना," ताई म्हणाल्या. "लाव मग."

त्यांनी दुसरी फ्लॉपी उचलून टेबलावर ठेवली. मला कळले होते. मी मान खाली घालून स्क्रू पिळत बसलो.

"ताई, दुसरी खराब झालीये."

"मग तिसरी लाव. चौथी लाव."

"तसं होत नाही." ते हळू, एकेक शब्द जुळवून बोलू लागले. "जागा वाचावी म्हणून मी सगळं एकात एक बांधून त्याचे तुकडे चार फ्लॉपींवर ठेवले होते. पुढची फाईल मागचीच्या आधाराने लिहिली जाते. मागे जे येऊन गेलं ते पुन्हा लिहायचं नाही, नुसती खूण करायची. मधला तुकडा गेला की पुढचं काही लागत नाही."

"आणि तुझी पत्रं?"

"ती सुरुवातीला होती, पहिल्या फ्लॉपीवर. ती निघाली."

ताईंनी पडद्याकडे पाहिले. एक पत्र उघडे होते. गोदामाच्या दरवाजाला नवी कडी बसवण्याबद्दल होते.

"वेगळी नाही का ठेवायचीस रे तिची?"

"वेगळी ठेवली असती तर पाचवी फ्लॉपी लागली असती." दोष फ्लॉपीवर ढकलणे त्यांना सहज जमले असते. "तेव्हा ती होती, ताई. पुढच्या सुट्टीत पुन्हा बोलेल, असंच वाटलं. मूळ फायली पुसून टाकल्या मी."

बाहेर झेरॉक्सचे यंत्र कुणाची तरी प्रमाणपत्रे काढत होते. ताईंनी विचारले, "सगळ्यात मोठी कुठली?"

त्यांनी यादीतला फाईलचा आकार पाहून सेकंदांचा हिशेब केला. "सहावी. चव्वेचाळीस सेकंद."

"पुसण्याआधी ऐकली होतीस ना?"

"ऐकली होती."

"मग तूच सांग. काय म्हणाली होती?"

गाठोडेवाल्यांनी यादीतल्या त्या फाईलच्या नावावर बोट टेकवले. काहीतरी बनवून सांगता आले असते. ताईंनी मानले असते.

"आठवत नाही," ते म्हणाले. "मी तेव्हा आवाज नीट येतोय का, तेवढंच ऐकत होतो."

ताई उठल्या, पर्स उचलली आणि भावाच्या खांद्याला धरून जपून त्या अडगळीतून बाहेर पडल्या.