मानसीचा शनिवार

आमच्या चारकोपच्या बिल्डिंगमध्ये मानसी माझ्या शेजारी राहते. बारावी सायन्स झाली आणि लगेच लग्न. आता घरात अंथरुणाला खिळलेले सासरे अनंतआप्पा, कारखान्यात जाणारा नवरा सुयोग आणि तिसरीतली प्रांजल. भाजी सुयोग येताना आणतो, दूध दारात येतं, प्रांजलला न्यायला शाळेची बस येते. म्हणजे बाहेर पडायला बाईला निमित्तच नाही. मला कोणी असं कोंडून ठेवलं ना, तर मी भिंतीवर डोकं आपटेन!

प्रांजलच्या शाळेत जयंतीबाई आल्या आणि त्यांनी शनिवारी पालकांसाठी विज्ञानाचा तास काढला. आईबापांनी यायचं, पोरांबरोबर बसून प्रयोग करायचे. बायको बाहेर निघाली की सुयोगच्या कपाळाला आठ्या पडतात, पण पोरीच्या अभ्यासापुढे त्याचं काही चालेना.

"जा, पण आप्पांकडे कोण बघणार?"

"मी बघते की," मी म्हटलं.

झालं! शनिवारी मी आप्पांपाशी आणि मानसी शाळेत. परत आली की बडबड थांबायची नाही. लिंबांना तारा जोडून इवलासा बल्ब लागला, घासलेल्या फुग्याने कागदाचे कपटे उचलले... "प्रेमा, अगं, बाई मला पुढे बोलावून समजवायला लावतात!" तिचं तोंड बघून मलाच भरून यायचं.

एका शनिवारी मला भाचीच्या साखरपुड्याला दहिसरला जावं लागलं. मानसी अडकली. प्रांजलने भोकाड पसरलं, तेव्हा हिने घरातच प्रयोग मांडला. आप्पांच्या तळहातावर ओली हळद लावली आणि त्यांच्याच तंबाखूच्या डबीतला चुना त्यावर चोळला. हळद लालभडक!

"गो बाय, ह्यां तर कुंकू झालां!" म्हणत म्हातारा खदखदून हसला. प्रांजलने ते मोबाइलवर घेतलं आणि मानसीने हौसेने पालकांच्या ग्रुपवर टाकलं.

तिथेच वाट लागली.

जयंतीबाई जाम खूश. शाळेत तशीही मोजकीच माणसं यायची, बाकीच्यांच्या ड्युट्या. बाईंनी ठरवलं, आता पालकांनी यायचंच नाही. सामानाची पुडी पोरांबरोबर घरी येणार, अख्ख्या घराने मिळून प्रयोग करायचा. वर ग्रुपवर लिहिलं, 'ही कल्पना मानसीताईंची!' सगळ्यांनी टाळ्या टाकल्या. खरं सांगू? कल्पना चांगलीच होती. त्याचाच मला जास्त संताप आला, कारण भांडायचं कोणाशी?

"बाईंना सरळ सांग ना, मला शाळेत यायचंय," मी मानसीला म्हटलं.

"काय सांगू? घरात जीव गुदमरतो, म्हणून पोरीच्या तासाला येत होते? सुयोगच्या कानावर गेलं तर?"

"मग मी सांगते."

"आईशप्पथ, नको गं!" तिने माझा हात घट्ट धरला. मी कबूल केलं, पण आतून नुसती धुमसत होते.

पहिली पुडी घरी आली त्याच संध्याकाळी बाईंचा फोन आला. मी तिथेच होते. सुयोगने कौतुकाने स्पीकर लावला.

"मानसीताई, तुमच्यामुळे किती घरं शाळेशी जोडली गेली! आणि तुमचीही शनिवारची धावपळ वाचली, नाही का?"

सुयोग हसत तिच्याकडे बघत होता. मला वाटलं, फोन ओढून घ्यावा आणि बोलावं दोन शब्द. पण मानसीने डोळ्यांनीच मला दटावलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "हो ना बाई. फार बरं झालं."