दुपारची लाईन

बाबा फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नसत. थेट मुद्दा. त्या दिवशी म्हणाले, "बाई, तुह्या कंप्युटरनं आज बी माणसायचे तोंडं झाकून टाकले पाह्य."

मी अकोल्याला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. पुढच्या तासाची घंटा झालेली. "शनिवारी येते ना बाबा मी! तोवर कशाला हात लावू नका," म्हणून फोन ठेवला आणि मग दिवसभर उगाच पोरांवर खेकसत राहिले. चीड येणार नाही तर काय! मी कॉम्प्युटर शिकवायचे. अख्ख्या कॉलेजच्या मशीन माझ्या हाताखालून जायच्या, आणि अमरावतीला माझ्या सख्ख्या बापाच्या घरातलं एक धूड मला काही केल्या दाद देत नव्हतं.

ही माणसं म्हणजे एका फोटोतली. बाबा तलाठी होते, पुढे मंडळ अधिकारी होऊन निवृत्त झाले. त्यांच्या जुन्या गावात पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झाल्यावर चावडीसमोर काढलेला तो फोटो. पांढऱ्या टोप्या, इस्त्रीचे सदरे, पुढे मांडी घालून बसलेले म्हातारे, आणि मध्ये बाबा, छाती काढून. निवृत्तीनंतर घरी बसून काय करतील म्हणून मी त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला, तो फोटो स्कॅन करून पडद्यावर लावून दिला. बाबा किती खूश झाले! पण पडद्यावरची आयकॉनची छोटी चित्रं, ज्यांना ते 'डबे' म्हणायचे, डावीकडच्या लोकांच्या नेमकी तोंडावर येत होती. ते त्यांना बघवेना. मग एकेक डबा माउसनं धरून खाली, सगळ्यांच्या पायाशी, मातीत नेऊन ठेवायचे. सकाळभर तेच. एकही तोंड झाकलं जाता कामा नये.

आणि दोन-चार दिवसांनी मशीन सुरू करावी तर डबे पुन्हा तोंडांवर. कधी तर फोटोच नाही. त्याजागी कंपनीनं आधीपासून घालून दिलेलं चित्र, ती हिरवीगार टेकडी आणि वर निळं आभाळ. एप्रिल महिन्यात आमच्याकडे शहराबाहेर बघितलं तर मैलभर नुसती भेगाळलेली काळी जमीन, आणि घरात ती टेकडी! मला ती तेव्हापासून आवडेनाशी झाली. कोणी माणूस नाही, झाड नाही, गुरं नाहीत. सगळे कुठे गेले असं वाटायचं.

फोटोतले सगळे तरी कुठे होते म्हणा. ती वर्षंच तशी होती. नोकरीच्या शेवटच्या काळात बाबांच्या वाट्याला दुसरं काम उरलंच नव्हतं. कुठे कोणा शेतकऱ्यानं जिवाचं काही करून घेतलं की पंचनाम्याला जायचं, घरच्यांना विचारायचं, आणि मदतीला पात्र की अपात्र ते लिहून वर पाठवायचं. फोटोत डावीकडे उभ्या असलेल्यांपैकी काहींच्या घरी ते असेच जाऊन आले होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय न धुता छपरीत बसायचे आणि आईला सांगायचे. दरवेळी त्या घरची बाई एकच सांगायची म्हणे. जेवले, आत गेले, दार लावून घेतलं. आम्हाला वाटलं झोपले असतील. आईनं हे इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते पाठ झालं होतं.

आता तेच बाबा दुपारी जेवायचे, मागच्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे.

आई मला काही बोलली नव्हती. एकदा फक्त ताटं उचलता उचलता म्हणाली, "तो फोटो काढून टाक वं तिथून. ते लोकं बोलावून राह्यले त्याईले." मी हसले. "बाप्पा! आई, काहीही काय? फोटो आहे तो." ती हसली नाही. ताटं घेऊन आत गेली.

मी आपली दर शनिवारी बडनेऱ्याला उतरायची, ऑटोनं घरी यायची आणि चपला काढल्या काढल्या मशीनपुढे बसायची. व्हायरस बघितला. नव्हता. बाबांच्या नावाचं खातं खराब झालं असेल म्हणून नवीन खातं काढून सगळं त्यात हलवलं. चार दिवस ठीक चाललं की मी मनात खूश, आणि पाचव्या दिवशी फोन. "बाई, टेकडी आली." हार्डडिस्क जाते की काय म्हणून ती तपासली. धडधाकट. पण सुरू होताना मशीन दरवेळी आपण होऊन डिस्क तपासायला बसायची, आणि ती तेव्हाच बसते जेव्हा आधी तिला नीट बंद केलेलं नसतं. नीट बंद केलं तर ती डब्यांच्या जागा नक्की लिहून ठेवते. मध्येच प्राण गेला तर तिला कधी आठवणार, कधी नाही!

"बाबा, मशीन नीट बंद करता ना? तसंच बटण तर नाही दाबत?"

"हौ वं. नीट करतो," बाबा म्हणाले आणि दाराबाहेर पाहू लागले.

"मग लाईन जात असेल मध्येच."

"जाते ना. लाईन कोणाची नाही जात?"

खरंच होतं. लोडशेडिंगचा कहर होता तेव्हा. आज सकाळी, उद्या दुपारी, आणि वेळापत्रकाबाहेर गेली तर ती वेगळीच. मी कपाळावर हात मारून घेतला. इतकं सोपं होतं आणि मी महिनोन्महिने खात्यांमध्ये शिरत होते! पुढच्या शनिवारी अकोल्याहून यूपीएस घेऊन आले. लाईन गेली तरी वीसेक मिनिटं बॅटरीवर मशीन चालेल, तोवर टूं टूं वाजत राहील, ते ऐकून बाबांनी नीट बंद करायची. बाबांनी तो जड डबा हातात तोलून पाहिला. "चांगला हाय," एवढंच म्हणाले. आई दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. पैसे गेले म्हणून असेल असं मला वाटलं.

मी तो जोडून दिला, जेवणं झाली. बाबा आत गेले. दार लावलं, कडीचा आवाज आला. मी छपरीत चटई टाकून आडवी झाले. शेजारच्या चाचांची शिलाई मशीन चालू होती. त्यांनी तिला मोटर बसवली होती, घर्रर्र करत ती दुपारभर चालायची आणि मला त्या आवाजात छान झोप यायची.

डोळा लागतो न लागतो तोच पंखा थांबला. लाईन गेली. मागच्या खोलीतून टूं, टूं सुरू झालं. वा, म्हटलं, चालतंय की आपलं यंत्र! आता बाबा मशीन बंद करतील आणि बाहेर येतील, लाईन गेली की ते येतातच. आई चहा ठेवेल, चाचा येऊन बसतील, मग दोघांच्या जुन्या गोष्टी.

बाबा आले नाहीत. टूं टूं चालू.

मी घाम पुसत उठून बसले आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चाचांची मशीन चालूच होती. घर्रर्र, घर्रर्र. भिंतीला भिंत लागून घर, आणि त्यांची लाईन आहे, आपली नाही?

छपरीच्या कोपऱ्यात मेन स्विचची लोखंडी पेटी होती. तिचा दांडा खाली होता. आणि पेटीला पाठ लावून आई उभी होती.

"आई? मेन कोणी पाडला?"

"मी," ती म्हणाली. "हळू बोल."

"काहून?"

तिनं मला ओढतच अंगणात नेलं. डोळे सारखे मागच्या खोलीकडे. "मंग काय करू? दार ठोकलं की चिडतात. कडी काढून टाकली तं बजारातून नवीन आणून बसवली. लाईन गेली की येतात बाहेर. म्हणून मीच घालवतो लाईन. रोज. चाचाले सांगून ठेवलं, मेन पाडला की खाकरतो मी, तो काम सोडून येऊन बसते त्याईच्यापाशी. आज तू आणला तो डबा, आता ते काहून येतीन?"

रोज. कॉम्प्युटरचं सगळं दुखणं एवढंच होतं. कॉम्प्युटरची बाई! मला हे कधी दिसलं नाही.

"अगं, वाजतंय ना ते? बाबा बसलेत मशीनपुढे," मी म्हणाले.

"मशीन वाजून राह्यली. ते कुठं वाजून राह्यले?"

आम्ही दोघी अंगणात उन्हात उभ्या, आणि आतून ते टूं टूं. आई खाकरली. चाचांची मशीन थांबली. ते आपल्या दारात येऊन उभे राहिले, गळ्यात मापाची पट्टी, आमच्याकडे पाहत. मग टूं टूं भराभर वाजायला लागलं, बॅटरी संपत आली की वाजतं तसं, आणि एकदम बंद पडलं.

आता येतील, मी मनात म्हटलं. आता काळ्या पडद्यापुढे कशाला बसतील!

दार उघडलं नाही.

आई धावली. मी इतक्या वर्षांत तिला धावताना पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांनी दार बडवायला लागली, "अहो! अहो, आयकता का!" मीही बडवलं, शिव्या दिल्या, बाबांना, मशीनला, कोणाला ते आठवत नाही. चाचा मागून म्हणाले, "हटो बेटी, मैं देखता," आणि त्यांनी खांदा लावला, तेवढ्यात आत कडी सरकली.

बाबा दारात उभे होते. मागे काळा पडदा. आमच्या तिघांकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "काय झालं? कोणी गेलं का?"

त्यांना दुसरं काही सुचलंच नसेल. लोक असे दार बडवायला येत ते त्याच कामासाठी. आई मटकन खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागली. चाचा म्हणाले, "कुछ नहीं साहब, चाय का टाइम हो गया," आणि त्यांना हाताला धरून छपरीत घेऊन गेले.

रविवारी मी निघाले तेव्हा बाबा स्टेशनवर सोडायला आले. असे कधी येत नसत. हातात एक जड पिशवी. मला वाटलं आईनं संत्री दिली असतील, वरूडहून मामांकडून आलेली होती घरात. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर त्यांनी पिशवी माझ्या पायाशी ठेवली. आत यूपीएस.

"हे घेऊन जाय अकोल्याले."

"बाबा, पण मग डबे पुन्हा तोंडांवर येतील ना."

"येऊ दे. मी करीन रोज खाली." त्यांनी पिशवीचे बंद बांधले. "तुही माय मेन पाडते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चाचाची मशीन आयकू येते ना मले. बहिरा हाय का मी?" मग आवाज इतका खाली गेला की मला वाकावं लागलं. "बाई, तिथं बसलं का त्याईचे तोंडं पाहत राहतो मी. कोणाले काय लिहिलं, कोणाले अपात्र केलं. उठावंसं वाटते, पण आपल्या मनानं नाही उठता येत मले. पडदा काळा झाला का उठता येते. काल त्या डब्यानं पडदा काळा होऊच देला नाही. मंग झाला तं पायच नाही उचलले. तिले नको सांगू."

मी त्यांचा हात धरला. लहानपणापासून कधी धरला नव्हता, तेही अवघडले, मीही. गाडी आली तसे ते मला डब्यात चढवून पिशवी वर देऊन उभे राहिले, माझी गाडी हलेपर्यंत.

आईला मी सांगितलं नाही. डॉक्टरकडे नेण्याबद्दल मात्र हट्टाला पेटले, भांडभांड भांडले, आणि शेवटी त्यांना घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या. पण मेन कोणी थांबवला नाही. रोज दुपारी स्टाफरूममधून मी फोन लावायचे. "लाईन गेली का?" आई म्हणायची, "गेली." मागून चाचांचं हसणं ऐकू आलं की मी तासाला जायचे. बाकीच्या मॅडम म्हणायच्या, हिच्या घरी रोज त्याच वेळी कशी काय जाते गं लाईन!

मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तिला दवाखान्यात ठेवायचं होतं. जाण्याआधी तिनं मला छपरीत बोलावलं, पेटी दाखवली, जशी काही मी ती कधी पाहिलीच नव्हती. "जेवल्यावर लगेच नाही. चाचाचं जेवण होऊ देजो. मंग पाडजो."

त्या दिवशी बाबा जेवले. माझ्या हातचं वरण खारट झालं होतं, तरी जेवले. आत गेले, दार लावलं. चाचा आपल्या दारात येऊन बसले. मी पेटीशी गेले. दांडा गरम झाला होता, उन्हानं. सकाळीच बाबांनी मला बोलावून पडदा दाखवला होता, सगळे डबे मातीत, सगळी तोंडं उघडी. मी दांडा खाली ओढला.

पंखा थांबत थांबत थांबला. मी खाकरले. चाचा उठून उभे राहिले होते. दार तसंच. मी दांड्यावरचा हात काढला नव्हता.

मग आत खुर्ची सरकली. कडी निघाली. बाबा चष्मा पुसत छपरीत आले, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि नेहमीच्या जागी जाऊन बसले.

"लाईन गेली वाटते," ते म्हणाले.

"हौ बाबा," मी म्हणाले. "आत्ताच गेली."