थाप मारल्याचा गुन्हा

“कुठल्या गालावर?” मी विचारलं.

कस्टमच्या जमादारानं आधी डाव्या गालाला हात लावला. मग जरा विचार करून उजव्या. “साहब, दोनों पे समझो,” तो म्हणाला.

मी लिहून घेतलं. कामाला लागून मला फार दिवस झाले नव्हते, आणि साक्षीदार सांगेल ते लिहायचं एवढं मला शिकवलेलं होतं.

ही साठच्या दशकातली दुबई. यूएई हे नाव तेव्हा जन्मलंही नव्हतं. खाडी ओलांडायची तर होडी, आणि चलन रुपयाच, फक्त नोटांचा रंग आपल्यापेक्षा वेगळा. आमच्यासारख्या परदेशी लोकांसाठी इंग्रजांचं एक छोटं कोर्ट होतं. तिथं मी प्रॉसिक्यूटर होतो, म्हणजे सरकारच्या बाजूनं आरोपीवर खटला चालवणारा वकील. माझे वडील रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गलबतावरचे खलाशी. आमच्या खानदानात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला मी, आणि बी.ए., एलएल.बी. झालेला अख्ख्या मोहल्ल्यात पहिला. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. अजूनही सांगतो.

आरोपीचं नाव कासम. खाडीकाठच्या देरा वस्तीतल्या एका मेसचा स्वयंपाकी, वय पन्नाशीच्या पुढे. आरोप असा की ड्यूटीवरच्या जमादाराला त्यानं मारहाण केली. सिद्ध झालं तर सहा महिने कैद, मग पहिल्या बोटीनं मुंबई, आणि पुन्हा या किनाऱ्यावर पाय ठेवायची बंदी.

पुरावा भक्कम होता. आरोपी स्वतःच्या पायानं कोर्टात आला होता आणि कोर्टाच्या दुभाष्यापुढे, मुन्शीजींपुढे, त्यानं गुन्हा कबूल केला होता. याला आमच्या भाषेत कन्फेशन म्हणतात. प्रॉसिक्यूटरला कन्फेशन मिळालं की तो दुपारी निवांत झोपतो. शिवाय जमादाराच्या हाताखालचे तीन शिपाई प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होते, आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट होतं की गालाला सूज आहे. जमादार तब्येतीनं चांगला भरलेला होता. सूज कुठं संपते आणि गाल कुठं सुरू होतो हे डॉक्टरनं कसं ठरवलं, ते सर्टिफिकेटात नव्हतं.

“ओपन अँड शट केस,” माझे इंग्रज बॉस म्हणाले. “ही जिंका, तुमची नोकरी पक्की करतो.”

तरी मी लॉकअपमध्ये जाऊन आलो. आरोपीला एकदा तरी पाहावं, एवढंच.

“चाचा, तुम्ही कबूल केलंत म्हणे,” मी म्हटलं.

माझी भाषा ऐकून तो उठून बसला. “तुम्ही आपल्याकडचे? मग बरं झालं. हां, कबूल केलं. मी थाप मारली. आता त्याच्यावर आणखी झूठ कशाला बोलू?”

“काय मारली?”

“थाप.”

मी मुन्शीजींचा कागद काढला. त्यावर स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं, ‘मी जमादाराच्या थोबाडीत मारली.’

मुन्शीजी उत्तरेकडचे. त्यांचं उर्दू इतकं नाजूक की पाणी मागितलं तरी दाद द्यावीशी वाटे. मराठी मात्र त्यांना येत नव्हती, आणि येत नाही हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या कानाला थाप म्हणजे थप्पड.

“चाचा, थाप कसली मारलीत?”

“गावाहून हापूसची करंडी आणली होती, मेसमधल्या पोरांसाठी. धक्क्यावर जमादार म्हणाला, खोल. खोलली असती तर अर्धी त्यानंच खाल्ली असती. मी म्हटलं, ही कोर्टाच्या जजसाहेबांची हाय.”

“मग?”

“मग काय, तो उभा राहिला. करंडीला सलाम केला. म्हणाला, तुम कायको तकलीफ करते, आणि स्वतः जीपमध्ये घालून साहेबांच्या बंगल्यावर पोचवून आला. मी बघतच राहिलो. दुसऱ्या दिवशी करंडी परत मागायला कोर्टात आलो आणि मुन्शीला खरं ते सांगितलं, की करंडी माझी, मी जमादाराला थाप मारली. त्यानं मला बसवलं, चहा दिला आणि पोलिसांना बोलावलं.”

पुढचं मी सहज जुळवलं. जमादाराला संध्याकाळी विचारलं गेलं, याने तुला मारलं का? नाही म्हणावं तर करंडी न तपासता का सोडली, हा प्रश्न आला असता. हो म्हटल्यावर आठवड्याची रजा मिळाली. आणि आपल्या जमादारानं मार खाल्ला म्हटल्यावर शिपायांना तो दिसला नाही असं कसं होईल?

मी बॉसकडे गेलो.

“सर, थप्पड झालीच नाही. केस मागे घेऊ या.”

“साक्षीदार आहेत. सर्टिफिकेट आहे. थप्पड झाली नाही असं म्हणणारं कोण आहे?”

“मी, सर. आरोपी बोलला ती माझी मातृभाषा आहे.”

“आरोपी तुमच्या भागातला?”

“हो, सर.”

“मग जपून. लोक म्हणतील, वकील आपल्या माणसाला वाचवतोय. उद्या केस चालवा.”

मी चालवली. कोर्टाची परवानगी घेऊन मी आरोपीला प्रश्न विचारले, आणि मुन्शीजी इंग्रजीत सांगत गेले.

“तुम्ही जमादाराला थाप मारली?”

“मारली.”

“कशानं मारली?”

कासमचाचांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “तोंडानं. आणखी कशानं मारतात?”

मुन्शीजी क्षणभर अडले. मग म्हणाले, “विथ हिज माउथ, सर.”

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे हा चावला?” त्यांनी जमादाराकडे वळून विचारलं, “तुला हा चावला का?”

जमादारानं बॉसकडे पाहिलं, मुन्शीजींकडे पाहिलं, दोन्ही गाल चाचपले. “थोडा-सा, साहब,” तो म्हणाला.

मागे बसलेले शिपाई माना हलवू लागले. त्यांनी तेही पाहिलं होतं.

मग मी उभं राहून सांगितलं की मराठीत थाप मारणं म्हणजे खोटं बोलणं, आणि त्याला हात लागत नाही. जजसाहेबांनी मुन्शीजींना विचारलं, हे खरं का? मुन्शीजी म्हणाले, “देहाती इस्तेमाल होगा.” म्हणजे खेडवळ लोक बोलत असतील. मी म्हटलं, “मी बी.ए. आहे, सर, मीही बोलतो.”

बॉसनी मागून माझा कोट ओढला. “आरोप बदला,” ते कुजबुजले. “सरकारी नोकराशी खोटं बोलणं. तोही गुन्हाच. माणूस सोडू नका.”

जजसाहेबांनी ऐकलं. “ठीक आहे. खोटं काय बोलला?”

“त्याच्याजवळ आंब्यांची करंडी होती, सर. ती आपली आहे असं बोलला.”

“माझी?”

“हो, सर. जमादारानं ती आपल्या बंगल्यावर पोचवली.”

जजसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“ती मला मिळाली,” ते सावकाश म्हणाले. “मग त्यात खोटं काय?”

“ते सिद्ध करायचं तर आपल्याला साक्षीदार म्हणून बोलवावं लागेल, सर. आणि करंडी पुरावा म्हणून हजर करावी लागेल. आतल्या मालासकट.”

जजसाहेबांना अरबी एकच शब्द येत होता. तो त्यांनी वापरला. “खलास.”

कासमचाचा त्याच दुपारी देरात पोचले आणि रात्रीच्या जेवणाला चुलीपुढे हजर होते. आंब्यांबद्दल ते मला इतकंच म्हणाले, “साहेबानं चोखून खाल्ले का कापून, विचारायचं होतंस रे.”

माझी नोकरी पक्की व्हायला आणखी वर्ष लागलं. जमादाराचं सर्टिफिकेट मात्र कुणी रद्द केलं नाही. कोर्टाच्या रेकॉर्डप्रमाणे त्याचा गाल सुजलेलाच आहे, फक्त कशानं ते ठरायचं राहिलं.

नव्या वकिलांना मी सांगतो की कन्फेशन वाचून झोपायला जाऊ नका. आधी आरोपीला त्याच्या भाषेत विचारा, की बाबा, नेमकं काय मारलंस?