पंख हलवायचे राहून गेले

घरी सगळ्यांची ठाम समजूत होती की विमान मी चालवतो. मीही ती कधी दुरुस्त केली नव्हती. खरं तर मी उजव्या खुर्चीतला ज्युनिअर वैमानिक. वायरलेसवर बोलायचं, कॅप्टन सांगतील ते खटके वर-खाली करायचे, आणि त्यांना दया आली तर थोडा वेळ विमान हातात घ्यायचं. ऐंशीच्या दशकात एका छोट्या कंपनीचं पंधरा-सोळा माणसांचं विमान मुंबईहून कोल्हापूरला येऊ लागलं आणि माझी त्यावर पाळी लागली. मी लगेच गडमुडशिंगीला निरोप धाडला: धावपट्टीजवळ येऊन थांबा, उतरण्याआधी पंख हलवून नमस्कार करतो.

गडमुडशिंगी आमचं गाव, धावपट्टीच्या शेजारचं. वडिलांनी तो निरोप जत्रेच्या आमंत्रणासारखा घरोघरी पोचवला.

कॅप्टन नागपूरकडचे, मोजकं बोलणारे. त्यांची परवानगी आधीच काढली होती. "हलवा," ते म्हणाले, "पण एकदाच. लोकांनी विमानाचं तिकीट काढलंय, पाळण्याचं नव्हे."

उसाचे फड दिसू लागले तसा मी चाकांचा खटका खाली ओढला. चाकं बाहेर येऊन पक्की बसली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. मागच्या दोन चाकांचे लागले. पुढच्याचा लागला नाही.

मी त्याच्यावर टिचकी मारली. घरच्या रेडिओवर हा उपाय चालायचा. मग शेजारचा चांगला बल्ब काढून तिथे बसवला. तरी अंधारच. म्हणजे बल्ब ठीक होता आणि चाकाचा भरवसा नव्हता. पुढचं चाक टेकताक्षणी दुमडलं तर नाक जमिनीवर आपटणार, आणि नाकात आम्ही दोघे, पाठीमागे विमान भरून माणसं.

"वर चला," कॅप्टन म्हणाले.

वर जाऊन एक फेरी घेतली आणि धावपट्टीशेजारच्या वायरलेस खोलीवरून अगदी कमी उंचीने गेलो. तिथल्या साहेबांना विचारलं, चाक दिसतंय का?

"दिसतंय. पण पक्कं बसलंय की नुसतं लोंबतंय, ते मी इथून कसं सांगू?"

त्याच वेळी खिडकीतून मला वडिलांचा फेटा दिसला. त्यांच्यामागे अख्खी गल्ली, सगळे हात वर करून नाचत होते.

"तुमचीच मंडळी का?" कॅप्टननी विचारलं.

"व्हय... म्हणजे हो, सर."

"बरीच आहेत."

पंख हलवायची ती वेळ नव्हती. खुर्चीजवळ हातपंपाचा दांडा असतो; तो मारला की नळ्यांतलं तेल जोराने पुढे जाऊन चाकाला खाली रेटतं. मी तो मारत सुटलो. तळहाताची सालं निघाली, दिवा काही लागेना.

कॅप्टननी ठरवलं, मागच्या दोन चाकांवर उतरायचं आणि नाक जमेल तितका वेळ वर धरायचं. शेपूट जड व्हावी म्हणून पुढचे दोन वजनदार प्रवासी मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर हलवा, म्हणाले. एवढ्या लहान विमानात हवाईसुंदरी नसते, म्हणून मीच उठलो.

पुढच्या रांगेत उचगावचे एक जाडजूड व्यापारी होते. "काय पावणं, दोन डाव कोल्हापूर दाखवलंसा. उतरायचं हाय का न्हाय?"

मी खरं ते सांगितलं. ते पोटाकडे बघून म्हणाले, "वजनापायी कुणी मान दिला न्हवता आजवर." मागे जाऊन बसले खरे, पण त्यांच्या बोटांना पट्ट्याचं कुलूप सापडेना. मी लावून दिलं, दुसऱ्यालाही मागे बसवलं.

परत येतोय तोवर वायरलेस बोलू लागला. "धावपट्टीवर माणसं आलीत. वॉचमन एकटा आहे, कुणी ऐकत नाही."

जास्त फेऱ्या मारण्याइतकं इंधन नव्हतं. कॅप्टननी माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझ्या गावाने माझी धावपट्टी अडवली होती.

खाली काय चाललं होतं ते बहिणीने नंतर सांगितलं. वडील सगळ्यांना म्हणत होते, "पोरगं आपल्यासाठी फिरवालंय. जवळ चला, नीट दिसंल." आई मात्र हलली नव्हती. ती म्हणाली, "पंख न्हाई हलिवलं त्येनं."

"आगं, इसरलं आसंल."

"खायाचं इसरंल, मिरवायचं इसरायचा न्हाई त्यो. कायतरी बिघडलंय. व्हा मागं समदी." आणि तिने गुरं वळवावीत तशी अख्खी गल्ली कुंपणाकडे वळवली. वडील सगळ्यात शेवटी गेले, कुरकुरत.

आम्हाला वरून एवढंच दिसलं की पट्टी मोकळी झाली.

कॅप्टननी मागची चाकं अलगद टेकवली. नाक वर. मी वेग वाचून दाखवत होतो. वेग उतरला, नाक हळूहळू खाली आलं, टेकलं. एक धक्का. मी पाय आखडून घेतले, जणू त्याने विमान हलकं होणार होतं.

चाक दुमडलं नाही. विमान थांबलं. मागून व्यापाऱ्यांचा आवाज आला, "आता उठू का?"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. चाक पहिल्यापासून पक्कंच बसलेलं होतं. दिवा लावणाऱ्या, चाकाजवळच्या बारक्या बटणात चिखल वाळून बसला होता.

पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं. मी खाली उतरलो तेव्हा वडील समोर उभे. "पंख हलवणार हुतास न्हवं? एवढी माणसं आणली म्या."

"हात मोकळे नव्हते."

"का? काय करत हुतास आत?"

"पंप मारत होतो."

त्यांनी एकदा कॅप्टनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "पंपच मारायचा हुता तर मळ्यातला काय वाईट हुता?"

आईने माझा हात धरून उलटा केला, तळव्याची सालं पाहिली, आणि पदर ओला करायला पाणी शोधू लागली.