सुमीने बसवलेल्या मुठी

दवाखान्यातून पप्पांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. "सुमी गेली," एवढंच ते म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडून रडण्याचा आवाज नव्हता, नुसता वॉर्डातला गोंगाट ऐकू येत होता. चार दिवसांच्या डेंग्यूने माझी चुलत बहीण गेली होती. वय अठ्ठावीस. "मी आहे ना, पप्पा," असं म्हणावंसं वाटलं, आणि तेवढंही म्हणायचा हक्क आपण मिळवलेला नाही हे त्याच क्षणी कळलं. त्या दुपारीसुद्धा मला तिचा हेवा वाटत होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण या लेखात खोटं काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

शुक्रवार पेठेत आमचं सुऱ्या-कोयत्यांचं दुकान आहे, मागच्या बाजूला भट्टी. पप्पा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांची पाती घडवतात. सुमीचे वडील, माझे मोठे काका, वारले तेव्हा ती चंदगडकडच्या गावातून आमच्याकडे राहायला आली, दहा वर्षांची असताना. ती महापालिकेच्या शाळेत जाऊ लागली आणि मी, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, टाय लावून इंग्रजी शाळेत. संध्याकाळी मी वरच्या खोलीत होमवर्क करत बसायची आणि खालून त्या दोघांचं भांडण ऐकू यायचं. "सुमे, डोळं गहाण ठिवल्यात काय गं? मूठ बघ कुणीकडं चाललीया!" "बरोबर हाय की काका, तुमीच वाकडं बसलाय!" मग दोघंही खदाखदा हसायची. मी पाणी प्यायच्या निमित्ताने खाली आले की पप्पा लगेच सरळ बसायचे. "मॅडम आल्या. मॅडम, तुमी वर जावा, युनिफॉर्म मळंल." सगळ्यांबरोबर मीही हसायची. पप्पांनी मला आयुष्यात कधी शिवी दिली नाही, आणि घरातल्या कुणालाही यात दुःख करण्यासारखं काही दिसलं नसतं.

दहावीनंतर सुमीने शाळा सोडली आणि मुठी बसवण्याचं काम पूर्ण स्वतःकडे घेतलं. पात्याच्या मागे निमुळतं शेपूट असतं. ते लालबुंद तापवून लाकडाच्या मुठीत ठोकायचं. लाकूड आतून जळत जातं आणि शेपूट स्वतःची जागा स्वतः करून घेतं. शेपूट तापत असताना पात्याला मात्र ओलं फडकं गुंडाळून ठेवावं लागतं. नाहीतर उष्णता धारेपर्यंत चढते, पातं निळं पडतं आणि पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. मग अशा सुरीने टोमॅटोही कापला जात नाही. हे सगळं मला पाठ होतं, कारण जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं. मला कुणी शिकवलं नव्हतं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना एकदा पप्पा जोतिबाच्या दुकानदारांना माल द्यायला गेले होते आणि सुमी वखारीतून शिसवीचे तुकडे आणायला. मी एक पातं उचललं. शेपूट सुंदर लाल झालं, मूठ सरळ बसली... आणि मग पात्यावर मोरपिसासारखा निळा रंग चढत गेलेला दिसला. फडकं गुंडाळायचंच राहिलं होतं. सुमी येऊन आत तुकडे रचत असतानाच पप्पा परत आले. त्यांनी पातं उजेडात धरलं आणि मी जीव मुठीत धरून उभी राहिले, आता ओरडतील म्हणून. ते म्हणाले, "असू दे, मॅडम. हुतंय." आणि आत हाक मारली, "सुमे, ह्ये जरा निस्तर."

तिने ते निस्तरलं. मूठ फोडून काढली, पातं पप्पांकडून परत तापवून पाणी देऊन घेतलं, नवं लाकूड बसवलं. मी पायरीवर बसून होते. माझा चेहरा पाहून तिने विचारलं, "वरडलं न्हाईत म्हणून रडालीस व्हय?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "माझ्यातल्या निम्म्या शिव्या घे की मग. मला लई हुत्यात." तिने हे प्रेमाने म्हटलं होतं. मला ते लागलं, कारण ज्याच्याकडे खूप असतं तोच असं वाटून टाकू शकतो.

पुढे मी दुकानाचं इन्स्टाग्रामवर पान सुरू केलं. इंग्रजी येत होतं, तेवढी एक गोष्ट माझ्याकडे होती आणि तिच्याकडे नव्हती. पुण्या-बंगळुरूकडून ऑर्डरी येऊ लागल्या आणि प्रत्येकजण मुठींचं कौतुक करू लागला. मी मात्र दर फोटोखाली लिहीत होते की पाती आणि मुठी, दोन्ही माझ्या वडिलांच्या हातच्या. फोटोत तिची बोटं आली तर फोटोचा तेवढा भाग कापून टाकायची. एके दिवशी ती माझ्या फोनवर वाकून म्हणाली, "इतकं काय लिवतीस? माझं नाव हाय का त्यात?" मी म्हणाले, "नाव नाही लिहीत तिथे. मुठी माझी बहीण बसवते, असं लिहिलंय." ती थबकली. "बहीण लिवलंस? चुलत न्हाय?" "नाही. नुसतं बहीण." त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिने हे सांगितलं. "पावणं, आमच्या बारकीनं इंग्लिशमधी लिवलंय माझ्यावर!" मी गल्ल्यामागे बसून ऐकत होते. त्या रात्री बदलता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. ते मी चार वर्षं केलं नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जेवणं झाल्यावर पप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "तिच्यावर लिवलंयस त्ये वाच की. मराठीत सांग समद्यांस्नी." मी फोन उघडला. समोर माझंच इंग्रजी होतं, त्यात ती कुठेच नव्हती. आणि मी वाचलं... नसलेलं सगळं वाचलं, छान वाचलं. एका काकूंनी पदर डोळ्यांना लावला. पप्पा मान डोलवत राहिले.

दोन दिवसांनी, ते भट्टी पेटवत असताना, मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी हातातला चिमटा आपटला आणि ते असे ओरडले की शेजारचे दुकानदार दारात आले. "लाज वाटली न्हाय गं तुला? पोरगी मरूस्तोवर सांगत हुती लोकास्नी, बहीण लिवलंय, बहीण लिवलंय म्हणून! ह्येच शिकलीस व्हय एवढी फी भरून?" इतकी वर्षं मी याच आवाजाची वाट पाहिली होती. तो मिळाला तेव्हा त्यात माझ्यासाठी राग होता, आणि राग ओसरल्यावर ते खाली बसून रडले ते तिच्यासाठी. मला पुन्हा हेवा वाटला. मग शरम वाटली. मग मीही रडले, आणि ते कुणासाठी होतं हे मला अजून नीट सांगता येत नाही. बऱ्याच वेळाने पप्पा म्हणाले, "वाकडी बसल्याली मूठ वरनं घासून सरळ हुत न्हाय. काढून परत बसीव."

मी एकेक फोटो उघडून मजकूर बदलला. मूठ : सुमित्रा, माझी बहीण. ज्या नातेवाइकांनी तेराव्याला माझं खोटं ऐकलं, त्यातले बरेचजण पेपरची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथेही लिहिते आहे.

हल्ली सकाळी ऑफिसच्या आधी तासभर मी दुकानात मुठी घासते. पप्पा शिकवतात, कमी बोलतात. जुनी गिऱ्हाइकं मी केलेली सुरी हातात घेतात, जरा तोलतात आणि खाली ठेवतात. "ती मूठ न्हाय ही," म्हणतात. सुमी माप कधी घ्यायची नाही, स्वतःच्या पंजात धरून बघत घासायची, हे पप्पांनी परवा सांगितलं. तिच्या हातची एक सुरी अजून फळीवर आहे. काल ती मी मुठीत धरली, तर माझी बोटं पलीकडे जाऊन तळव्यात रुतली. इतकी वर्षं त्या हातांवरून माझी नजर हटली नव्हती, आणि तिचा हात माझ्यापेक्षा लहान होता हे मला कधी दिसलं नव्हतं.