एका दाताचा फरक

अंबड लिंक रोडवर कारभारी शेवाळेंचं गॅरेज तेवीस वर्षांचं. रोहिणी त्यांच्याकडे काम मागायला आली होती, तेव्हा "हे बायामाणसाचं काम नाही," म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. पुढे तिने समोरच स्वतःचं गॅरेज थाटलं. आता तिच्या दारात गाड्यांची रांग, आणि कारभारी स्टुलावर बसून ती मोजायचे.

त्या सोमवारी उज्वला टीचरची जुनी मारुती तिच्याकडे वळली आणि कारभारींची मोजणी तिथेच थांबली. ही गाडी पंधरा वर्षं त्यांच्या हातची. इंजिनातून तेल गळायचं. त्यांनी वरचं पॅकिंग दोनदा बदललं, तरी टीचरच्या अंगणात डाग पडतच होता.

त्यांना राहवेना. "दहाचा पाना आहे का गं?" म्हणत ते रस्ता ओलांडून गेले.

रोहिणीने इंजिनाची वरची-खालची दातेरी चाकं जोडणारा टायमिंगचा पट्टा उतरवला होता. "वरून नाही काका, इथून गळतंय," ती म्हणाली. पट्ट्यामागची, तेल अडवणारी रबरी सीलं कडक होऊन चिरली होती. पोरीला दिसलं ते आपल्याला दिसू नये! कारभारी मनातून जळफळले.

तिने नवी सीलं बसवली, वरच्या-खालच्या चाकांच्या खुणा जुळवल्या, नवा पट्टा चढवला. पट्टा ताणताना वरचं चाक किंचित सरकलं. एक दात पुढे. कारभारींनी ते पाहिलं आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. आता गाडी थरथरेल, चढाला मान टाकेल, टीचर मुकाट्याने आपल्याकडे परत येतील.

पण रोहिणीने गाडी चालू केलीच नाही. पाना लावून तिने इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, वाकून खुणा पाहिल्या. "चुकलंच की!" म्हणत पट्टा पुन्हा उतरवला. दुसऱ्यांदा सगळं जुळलं. इंजिन एका चावीत सुरू झालं, एका लयीत चालत राहिलं.

हात पुसत तिने विचारलं, "काका, तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"म्हटलं, तुझं तुला कळतंय का बघू."

ही थाप दोघांनाही कळली. रोहिणीने दहाचा पाना त्यांच्या हातात ठेवला, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्याच आठवड्यात दिंडोरीची एक गाडी कारभारींकडे आली. पट्टा चढवल्यावर त्यांनीही इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांना त्याची कधी गरज वाटली नव्हती. फक्त तेवढ्या वेळापुरतं त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं.